तटावर लायटिंग पाहिजे म्हणे!

तर पश्याला आता रेवदंड्याच्या किल्ल्यावर लायटिंग पाहिजे. रंग बदलणारं. त्यावरून काल रात्री मावशींच्या टपरीवर जे झालं ते लिहून ठेवायलाच हवं.

पश्या उभा राहूनच बोलतो, रात्री आठ वाजता कपाळावर गॉगल. "भावांनो, आपला इतिहास जगापुढे गेला पाहिजे! कान्होजी आंग्र्यांनी पोर्तुगीजांच्या छाताडावर पाय देऊन हा किल्ला घेतला..."

"कधी रे?" मावशी, चहा गाळता गाळता.

"कधी म्हणजे... तेव्हा."

"कान्होजी गेले १७२९ ला. रेवदंडा आपल्याकडे आला १७४० ला, तो पण तहात, वसई पडल्यानंतर. अकरा वर्षांनी परत आले काय, तुझ्या ड्रोनवर बसून?"

सुन्याच्या नाकातून चहा.

"मावशी, तारखा महत्त्वाच्या नाहीत, फीलिंग महत्त्वाचं."

"मग उधारी पण फीलिंगने दे."

इथे दिन्या पेटला. त्याचं एकच पालुपद, फिरंग्यांचं कशाला जपायचं, किल्ल्यातला तो सात मजली सातखणी मनोरा पाडा आणि पार्किंग करा, संडेला मुंबईच्या गाड्या पार नाक्यापर्यंत लागतात. मावशींनी गाळणी खाली ठेवली. "पाडायचं राहिलंय काय? सात खणांतले चारच उरलेत. आणि तुझ्या वाडीचा गडगा बघ जरा, घडीव चौकोनी दगड सगळे. आजोबांनी काय गोव्यावरून मागवलेले?"

"ते आधीपासूनच होते तिथे."

"हो ना, चालत आले."

आता खरं सांगायचं तर अख्खं गावच तटाच्या आत राहतं, एसटी पण तट फोडूनच आत येते, त्यामुळे थोडेफार दगड सगळ्यांच्याच घरी असणार. माझ्या पण पडवीची पायरी संशयास्पद आहे. पण मी गप्प बसलो.

मावशींचं म्हणणं साधं होतं. तटात पिंपळ माजलेत ते आधी काढा, परवानगी घ्या, माणूस लावा. समुद्राकडच्या बाजूला एक चीर आहे तिच्यात गेल्या वर्षी बोटं जायची, यंदा मनगट जातं, त्यांनी हात घालून बघितलाय. "लायटिंग लावा की, पडताना रात्रीचा पण दिसेल."

यावर पश्याला एकदम निकितीन आठवला. शाळेतला तो स्तंभ आहे ना, रशियन माणसाचा, वास्को द गामाच्या तीसेक वर्षं आधी चौलला उतरलेला. "त्याच्यावर रील केली तर रशियातून पब्लिक येईल!"

"तो घोडा विकायला आलेला," मावशी. "जुन्नरच्या खानाने घोडाच ठेवून घेतला आणि वर म्हणाला धर्म बदल. कसाबसा सुटला बिचारा. ते पण सांग रीलमध्ये."

मग गाडी ज्यूंच्या सिनेगॉगकडे वळली, तिथून शनवार तेल्यांवर, म्हणजे तेल गाळणाऱ्या इथल्या ज्यूंवर, ते कसे शनिवारी घाणा बंद ठेवायचे वगैरे, तर सुन्या म्हणाला दिन्या पण तसलाच, फक्त याचा शनिवार सोमवारी सुरू होतो. दिन्या भडकला आणि कोर्लईविरुद्धची ती जुनी मॅच काढली, सुन्याने सोडलेला कॅच. सुन्याचं अजून तेच, डोळ्यात ऊन आलं. मॅच फ्लडलाइटमध्ये होती राव!

पश्या अजून लायटिंगवरच. "फक्त दहा-दहा हजार काढूया, बाकी मी बघतो."

दिन्या उठला. "दहा हजार नंतर. आधी आईच्या सोड्यांचे पैसे दे."

मागच्या उन्हाळ्यात पश्याचा ड्रोन वाळत घातलेल्या सोड्यांवर, म्हणजे सुकवायच्या कोळंबीवर पडला होता, अर्धा किलो वाया, आणि दिन्याच्या आईने तो ड्रोन अजून तांदळाच्या डब्यात कोंडून ठेवलाय, पैसे दिल्याशिवाय देणार नाही म्हणते.

"म्हणजे ड्रोन नाहीच तुझ्याकडे?" मावशी.

पश्याने बाईकला किक मारली. तीन वेळा मारली. चौथ्यांदा सुन्या ढकलायला गेला, पण हसता हसता तिथेच खाली बसला.