‘स्वतंत्र संशोधक’ आणि महिन्याचा पगार

एका नियतकालिकाला शोधनिबंध पाठवताना परवा एकाच रकान्यापाशी तासभर अडकलो. रकाना साधाच: ‘संस्था’.

मी एका बियाणे कंपनीत नोकरीला आहे. पण हा अभ्यास माझा, रविवारचा. शेतकऱ्यांनी घरी राखलेल्या सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, मग कोंब मोजायचे. ७० उगवले तर बियाणं पास. कंपनीचा यात एक रुपया नाही. गोणपाटंसुद्धा सासऱ्यांच्या गोठ्यातली. साहेबांना विचारलं तर म्हणाले, “आपलं नाव कुठेही नको.” मित्र म्हणाला, “मग ‘स्वतंत्र संशोधक’ लिहून मोकळा हो की!”

कसा होऊ? माझ्या चाचणीत घरचं बियाणं बऱ्याच ठिकाणी नापास झालंय. आणि ते नापास झालं की कुणाचा माल खपतो, हे सांगायला ज्योतिषी नको.

मित्राने गॉसेटचा दाखला दिला. हा डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यातला माणूस. कंपनी स्वतःच्या नावाने छापू देईना, म्हणून १९०८ साली त्याने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने निबंध छापला. थोड्याच नमुन्यांवरून सरासरीतला फरक खरा की निव्वळ योगायोग, हे तपासणारी आपली टी-टेस्ट त्यातूनच आली. पठ्ठ्याने ३००० कैद्यांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहून, ते पिसून, चार-चारचे ७५० गट पाडले होते! मला तो फार आवडतो. पण त्याचं गणित कुणीही कागद-पेन्सिल घेऊन पडताळू शकतं. माझ्या पिशव्या कुठल्या घरांतून उचलायच्या, हे मी ठरवलं. ते वाचणाऱ्याला कसं दिसणार?

१९६७ साली हार्वर्डच्या संशोधकांनी हृदयविकारावर एक आढावा लिहिला. दोष चरबीवर, साखर जवळपास सुटली. साखर उद्योगाच्या संस्थेने त्यासाठी ६५०० डॉलर दिल्याचं २०१६ मध्ये उघड झालं. तेव्हा असं जाहीर करायचा नियम नव्हता, हे खरं. पण वाचणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

शेवटी लिहिलं: ‘लेखक खासगी बियाणे कंपनीत नोकरी करतो. अभ्यास स्वखर्चाने, निष्कर्षांशी कंपनीचा संबंध नाही.’ काल संपादकांची मेल आली: कंपनीचं नाव कळवा.

बरोबरच आहे त्यांचं. सोमवारी पुन्हा साहेबांच्या केबिनमध्ये जायचंय. नाहीच म्हणाले, तर निबंध मागे घेईन.