सूज्ञ सोलापूरकरांसाठी पेटवापेटवीचे मार्गदर्शन

घंटागाडी दारात येण्यापूर्वी, साधारण सहाच्या सुमारास, झाडलोट उरकून घ्यावी. कडुनिंबाचा पाला, दुधाच्या पिशव्या, शिवणकामाच्या चिंध्या आणि चादरीच्या कारखान्यातले सुताचे तुकडे एकाच ढिगात घालावेत. ओला-सुका असा भेदभाव आपल्या गल्लीला शोभत नाही. पाला सड्याच्या पाण्याने किंचित भिजलेला असल्यास उत्तम, कारण वाळलेला पाला भसकन जळून जातो आणि धूर गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचत नाही. त्यातही हिवाळ्याची पहाट सोयीची, कारण जमिनीलगतची गार हवा धुराला वर जाऊ देत नाही आणि तो खिडक्यांच्या फटींतून घरोघरी सारखा वाटला जातो.

ढीग स्वतःच्या फाटकासमोर मात्र कधीही लावू नये. तो दोन घरांच्या हद्दीवर लावला, म्हणजे "कुणी पेटवलं कोण जाणे" हे वाक्य दोन्ही घरांना सारख्याच निरागसपणे उच्चारता येते. शेजारच्या काकूंनी खोकत विचारलेच, तर डिसेंबरात 'शेकोटी' म्हणावे आणि जुलैत 'डास फार झालेत' म्हणावे. मे महिन्यात, पारा 43 अंशांवर असताना, काय म्हणावे याचा शोध अद्याप लागलेला नाही. तेव्हा मुकाट्याने घरात जाऊन दार लावून घ्यावे.

कायद्याचे म्हणाल, तर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर बंदी घातली आणि साध्या जाळण्याला 5,000 रुपये, तर मोठ्या प्रमाणावर जाळण्याला 25,000 रुपये असा भरपाईचा दर ठरविला. येथे घाऊकपेक्षा किरकोळ स्वस्त पडते, हे बाजारपेठेच्या गावात वेगळे सांगायला नको; म्हणून रोज थोडे थोडे जाळावे. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत सोलापूरचे नाव आहे, हे ऐकून एखाद्याची छाती अभिमानाने फुगली, तर ती यादी हवेची मानके न गाठलेल्या शहरांची आहे, असे सांगून त्याचा विरस करू नये. बिचाऱ्याची छाती एरवी फुगतच नाही.

तांब्याच्या लोभाने जुनी वायर ढिगात टाकायची असेल, तर ती सर्वांत शेवटी टाकावी. तिच्या पीव्हीसी या प्लास्टिकच्या वेष्टनातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू डोळ्यांना लगेच जाणवतो, डायॉक्सिन हे विष मात्र जाणवत नाही, त्यामुळे त्याबद्दल कुणी भांडायलाही येत नाही. रात्री नातवाला वाफ देण्यासाठी दवाखान्यात न्यावे लागले, तर तिथली पावती आणि औषधांची खोकी जपून ठेवावीत. ती कोरडी असतात, सकाळी पेटवण म्हणून बरी पडतात.