मुठीवरून कारागिराचं नाव निघत नाही: ‘पाच खुणा’ सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

शिवजयंती जवळ आली की पुण्यातल्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश हमखास फिरू लागतो. ‘घरातली जुनी तलवार कोणी आणि कुठे घडवली, हे मुठीवरून पाच मिनिटांत ओळखा.’ खाली पाच खुणा. मुठीचा घाट, म्हणजे तिची घडण, ज्या गावचा, तलवार त्या गावची. मुठीवर ठिपक्यांनी उठवलेली देवनागरी अक्षरं असतील, तर ती मराठा कारागिराची सही. सोन्याची नक्षी असेल, तर मूठ पेशव्यांच्या कारखान्यातली. अक्षरं दिसत नसतील, तर चिंच-मिठाने घासा. आणि एवढं करूनही नाव सापडलं नाही, तर मूठ तापवून सोडवा, आत पात्यावर नाव मिळेल.

दसऱ्याला जी तलवार आपण पूजेला मांडतो ती कुठून आली, हे जाणून घ्यावंसं वाटणं अगदी रास्त आहे. पण पहिल्या तीन खुणांवर विश्वास ठेवला तर घराण्याच्या नावावर खोटा इतिहास चढतो, आणि शेवटच्या दोन सूचना पाळल्या तर वस्तू कायमची बिघडते. म्हणून हे सविस्तर उत्तर.

‘घाट जिथला, तलवार तिथली’

नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार २०२५ साली राज्य सरकारने लंडनच्या लिलावात सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवली आणि ती मुंबईत आली. तिचे फोटो बहुतेकांनी पाहिले असतील. पातं युरोपीय बनावटीचं. मूठ मुल्हेरी घाटाची, तिच्यावर सोन्याचं काम. पात्याच्या पाठीवर ‘सेनासाहेब सुभा’ या किताबासह रघुजींचं नाव देवनागरीत. म्हणजे पातं घडवणारा एक, मूठ घडवणारा दुसरा, सोनं बसवणारा कदाचित तिसरा, आणि ज्यांचं नाव ठळक दिसतं ते या तिघांपैकी कोणीही नाहीत; ते मालक आहेत. आता संदेशातली पहिली खूण या तलवारीला लावून पाहा. मुल्हेर बागलाणात, आजच्या नाशिक जिल्ह्यात. तलवार तिथली म्हणायची, तर युरोपातल्या पात्याचं काय करायचं?

ही तलवार अपवाद नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांत पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून युरोपीय पाती मोठ्या प्रमाणात दख्खनेत येत होती. सरळ, लांब अशा त्या पात्यांवर इथल्या पद्धतीची मूठ चढवली जाई. ‘फिरंग’ म्हणून आपण जी ओळखतो ती बहुतेकदा अशीच जोडणीची तलवार असते.

बरं, पातं बाजूला ठेवून फक्त मुठीबद्दल बोललो, तरी घाटावरून गाव ठरत नाही. मुल्हेरी, उदयपुरी, दिल्लीशाही ही घाटांची नावं आहेत. पैठणी म्हटल्यावर ती पैठणलाच विणली असेल असं आपण धरत नाही, बहुतेक वेळा ती येवल्याची निघते. मुठींचंही तसंच आहे. गाजलेला घाट दुसऱ्या गावचे कारागीर उचलतात, गिऱ्हाईक तोच मागतं, आणि दोन-तीन पिढ्यांत तो शंभर कोस पसरतो. हाताला पूर्ण झाकणारी रुंद परज आणि मागे निघालेला लांब दांडा, अशी मूठ मराठ्यांकडे होती, दख्खनच्या शाह्यांत होती आणि राजपुतांच्या खांड्यालाही, म्हणजे सरळ रुंद तलवारीलाही, होती. ‘ही शंभर टक्के मराठा मूठ’ असं एका फोटोवरून सांगणारा माणूस अंदाजाला निकालाचं रूप देत असतो.

शिवाय मुठी बदलल्या जात. आपल्याकडच्या बहुतेक तलवारींत पात्याचा मागचा निमुळता भाग आखूड असतो आणि तो मुठीच्या पोकळीत राळेसारख्या चिकट पदार्थाने पक्का केलेला असतो. मूठ फुटली, हाताला लहान पडली, किंवा घरात चार पैसे आले आणि भारी मूठ हवीशी वाटली, की शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारा कारागीर, जुनी काढून नवी बसवून देई. आजोबांचं पातं आणि नातवाची मूठ अशी जोडी एका म्यानात सापडते, ती त्यामुळेच.

‘ठिपक्यांची अक्षरं म्हणजे सही’

पाचही खुणांत सगळ्यात जास्त दिशाभूल करणारी ही, कारण ती खरी वाटते. देवनागरी वाचता येते, एखादा आकडा लागतो, आणि मन लगेच मराठी नावाकडे धावतं.

१६८९ साली अदोनीचा किल्ला मोगलांच्या हाती गेला. ही अदोनी आज आंध्र प्रदेशात आहे. त्या मोहिमेत बिकानेरचे महाराजा अनुपसिंह होते, आणि तिथून मिळालेली दख्खनी शस्त्रं मोठ्या संख्येने बिकानेरच्या शस्त्रागारात गेली. तिथे त्यांच्यावर ठिपके ठोकून देवनागरी नोंदी आणि आकडे घालण्यात आले. आज जगभरच्या संग्रहालयांत आणि लिलावांत अशा नोंदी असलेल्या कट्यारी, तलवारी दिसतात. शस्त्र दख्खनी, अक्षरं राजस्थानात घातलेली, आणि ती घालणारा शस्त्रागाराचा हिशेब ठेवणारा माणूस. घडवणाऱ्याचा या अक्षरांशी काडीचाही संबंध नाही. अशी एखादी कट्यार पुण्यातल्या घरात आली आणि हा संदेश वाचला, तर दप्तरातली नोंद कारागिराचं नाव म्हणून मिरवू लागेल. देवनागरी राजस्थानातही चालते, एवढी साधी गोष्ट संदेश लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेली नाही.

शस्त्रावर कोरलेलं नाव चार-पाच प्रकारचं असू शकतं: मालकाचं, शस्त्रागाराचं, देवाचं, भेट देणाऱ्याचं, आणि क्वचित कारागिराचं. आपल्याकडे मुठी घडवणाऱ्यांनी सही करण्याची उदाहरणं फार थोडी आहेत. पात्यांवर नावं जास्त दिसतात, पण तिथेही सावध राहावं लागतं. इराणातल्या इस्फहानच्या असदुल्ला या पाती घडवणाऱ्याचं नाव इतक्या वेगवेगळ्या काळांतल्या पात्यांवर आढळतं की ती सगळी एका माणसाच्या हातची असणं शक्यच नाही. त्या नावाला भाव होता म्हणून ते घातलं जाई. जर्मनीतल्या पासाउ गावचा धावत्या लांडग्याचा ठसा तिथल्याच झोलिंगन गावच्या कारागिरांनी उचलला. इटलीतल्या जिनोव्हाच्या पात्यांवरची दातेरी चंद्रकोर युरोपभर, कॉकेशसात आणि भारतातही नकलली गेली. ठसा पाहून गाव सांगणं इतकं सोपं असतं, तर या विषयातल्या जाणकारांना आयुष्यं घालवावी लागली नसती.

कारखाना ओळखू येतो अशीही उदाहरणं आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. टिपू सुलतानाच्या शस्त्रांवरचे वाघाचे पट्टे आणि वाघाची मुखं त्याच्या राजधानीकडे, श्रीरंगपट्टणकडे, स्पष्ट बोट दाखवतात. पण तिथेही एकट्या पट्ट्यांवरून कळतं ते राज्यकर्त्याचं चिन्ह; ठोकणाऱ्या हाताचं नाव नव्हे.

‘सोन्याची नक्षी, म्हणजे पेशव्यांचा कारखाना’

लोखंडी मुठीवर सोनं बसवायची आपल्याकडची सर्वांत प्रचलित रीत म्हणजे कोफ्तगिरी. लोखंडाच्या पृष्ठभागावर बारीक आडव्या-उभ्या रेघा ओरखडून तो खरखरीत करायचा, त्यावर सोन्याची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा आणि घासून एकजीव करायचा. हे काम स्यालकोटला होत होतं, पंजाबातल्या गुजरात नावाच्या शहरात होत होतं, जयपूर-उदयपूरला होत होतं. उदयपुरात ते आजही चालतं, आणि चांगलं चालतं. म्हणजे भिंगाखाली रेघा दिसल्या तर ही कोफ्तगिरी आहे आणि वरून फिरवलेला सोन्याचा मुलामा नाही, एवढं समजतं. पुणं समजत नाही, आणि काळही समजत नाही. नव्या कामातही त्याच रेघा असतात. जुन्या साध्या मुठीवर पन्नास-शंभर वर्षांनी सोनं चढवलेलं असू शकतं, ते वेगळंच.

पेशव्यांच्या कारखान्यातली असल्याचं म्हणायचं असेल, तर कागद हवा. पुण्याइतकी कागदांची श्रीमंती फार थोड्या शहरांत आहे: पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर, १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ. मोडीत एखादी यादी, एखादी बिदागीची नोंद, आणि त्या नोंदीतलं वर्णन आपल्या मुठीशी जुळणं, हा पुरावा. नुसत्या चमकीवर एवढं मोठं नाव लावणं त्या कागदांवर अन्याय आहे.

‘मूठ तापवून सोडवा’

कृपा करून हे करू नका. गॅसच्या ज्योतीवर मूठ धरली की आतली राळ वितळते हे खरं, पण उष्णता पात्यातही शिरते आणि पोलादाचं पाणी उतरू शकतं. वर कोफ्तगिरी असेल तर तिचा रंग बिघडतो. आणि आत बहुधा काहीच नसतं.

ही सूचना जपानी तलवारींवरून उचललेली दिसते. तिथे पात्याच्या मुठीत जाणाऱ्या भागावर घडवणाऱ्याची सही असते, आणि मूठ बांबूच्या एका खुंटीवर बसवलेली असते. खुंटी काढली की मूठ सुटावी अशीच ती रचना. मूठ आणि पातं यांच्यामधल्या तबकडीवर, त्सुबावर, वेगळ्या कारागिराची वेगळी सही असते. तिथेसुद्धा बनावट सह्यांचा इतका सुळसुळाट आहे की नुसत्या सहीवर तिथला जाणकार विसंबत नाही. जपानची पद्धत राळेने पक्क्या केलेल्या आपल्या मुठीला लावली, तर हाती सुटी झालेली, भाजलेली मूठ येते.

‘चिंच-मिठाने घासा’

तांब्या-पितळेच्या भांड्यांना चिंच चालते, तीही रोजच्या. लोखंडी मुठीवर आंबट पडलं की लोखंड विरघळतं, आणि सोनं ज्या रेघांना धरून बसलेलं असतं त्या रेघाच जातात. सोन्याची पापडी सुटते. घासकागद आणि पॉलिशच्या चाकाचंही तेच. ठिपक्यांच्या त्या हलक्या नोंदी, ज्यांच्यावरून वस्तूचा प्रवास खरोखर कळू शकला असता, पहिल्या घासण्यातच पुसट होतात. मऊ सुती कापड, शिवणयंत्राच्या तेलाचा एखादा थेंब, हाताचा घाम लागू नये म्हणून हातमोजे. घरी एवढंच करावं.

मग मुठीवरून कळतं तरी काय? बरंच कळतं. जुन्या लोखंडी मुठी अनेकदा दोन अर्ध्या भागांत घडवून जोडलेल्या असतात; बारकाईने पाहिलं तर जोडाची रेघ सापडते. ओतीव नव्या मुठीवर साच्याची खूण आणि बारीक छिद्रं दिसतात, मात्र पितळी मुठी पूर्वीही ओतत, हे विसरू नये. परजेपासून पात्याच्या दोन्ही अंगांना उतरणारी पट्टी पात्यावर नीट बसते का, की मध्ये फट आहे, यावरून मूठ मूळची की नंतरची याचा अंदाज येतो. पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन शस्त्रांसमोर शांतपणे उभं राहिलं, तर घाट डोळ्यांत बसतात. या सगळ्यातून निघणारं उत्तर ‘दख्खनी घाट, अठराव्या शतकाच्या आसपास, पातं बहुधा युरोपीय, मूठ नंतर बसवलेली’ अशा स्वरूपाचं असतं. ते खरं असतं, आणि पुढच्या अभ्यासकाला उपयोगी पडतं.

ज्यांची नावं निश्चित कळू शकतात असे कारागीर आज आपल्या आसपास आहेत, आणि त्यांची नावं मात्र कोणी विचारत नाही. मर्दानी खेळांच्या आखाड्यांसाठी, लग्नांसाठी, घरच्या जुन्या पात्यासाठी लोक हौसेने मूठ बनवून घेतात. सुटे भाग कधी राजस्थानातून येतात, कधी देहरादूनहून. जोडणी आणि नक्षी इथे होते. बिलावर ‘तलवार मूठ, १ नग’ एवढंच असतं. नवी मूठ करून घेणाऱ्यांनी बिलावर घडवणाऱ्याचं नाव, गाव आणि महिना-साल लिहून घ्यावं. पातं जुनं असेल तर तेही नमूद करावं, जुनी मूठ मोडीत न टाकता तिची चिठ्ठी बांधून जपावी, आणि परजेच्या आतल्या बाजूला, जिथे नक्षीला धक्का लागत नाही, तिथे कारागिराला त्याच्या नावाचा छोटा ठसा मारायला सांगावं.