फ्यूज उडतोय म्हणून तार गुंडाळू नका: स्टिरिओ वायरिंगच्या त्या मेसेजबद्दल

काल रात्री साडेदहाला मावसभावाचा फोन. "दादा, गाडीत नवा स्टिरिओ बसवतोय, फ्यूज तिसऱ्यांदा उडाला, आता मेसेजमध्ये लिहिलंय तशी तांब्याची तार गुंडाळून बघू का?" मी म्हटलं, आधी बॅटरीची मायनस काढ आणि मी येईपर्यंत कशालाही हात लावू नकोस. मग त्याने तो मेसेज पाठवला, 'कार स्टिरिओ स्वतः बसवा, मेकॅनिकची गरज नाही'. तासाभरात तोच मेसेज अजून दोन जणांकडून आला, म्हणून हे लिहितोय. स्वतः बसवायला माझी ना नाही, मी पण स्वतःच बसवतो, पण त्यात जे लिहिलंय ते वाचून डोकं फिरलं.

आधी तारेचं घेतो, कारण गाडी त्यानेच पेटेल. मेसेज म्हणतो: "५० वॅट गुणिले ४ म्हणजे २०० वॅट, म्हणजे १७ अँपिअर, मग १० चा फ्यूज उडणारच. ३० चा टाका, नसेल तर तार गुंडाळा. १२ व्होल्टच आहे, घाबरू नका."

भागाकार बरोबर आहे हो, पण आकडाच चुकीचा घेतलाय. खोक्यावरचे ५० वॅट म्हणजे क्षणभर मिळणारी जास्तीत जास्त ताकद. इंजिन चालू असताना मिळणाऱ्या १४.४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला सलग मिळतात वीस-बावीस वॅट, आणि गाणं काही सतत फुल आवाजाच्या टोकावर वाजत नसतं. ज्या कंपनीने खोक्यावर ५० गुणिले ४ छापलं तिनेच स्टिरिओच्या मागे १० चा, काही मॉडेलमध्ये १५ चा फ्यूज लावलाय ना? सोबतच्या इन्स्टॉलेशनच्या पत्रकात पण स्पष्ट असतं की फ्यूज बदलायचा तर त्याच रेटिंगचा, आणि परत उडाला तर वायरिंग तपासा. ते पत्रक कोणी उघडतच नाही.

आणि मुळात फ्यूज स्टिरिओ वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. हिशोब करून बघा. ०.७५ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स मीटरमागे साधारण ०.०२३ ओहम. तीन मीटर वायर, बॅटरीचा आतला रेझिस्टन्स आणि जॉइंट धरून सगळं मिळून ०.१ ओहम म्हणू. पिवळी, म्हणजे बॅटरीचा सप्लाय स्टिरिओला आणणारी वायर, गाडीच्या बॉडीला टेकली की १२ भागिले ०.१, म्हणजे १२० अँपिअर. त्या वायरच्या प्रत्येक मीटरमध्ये तीनशे वॅटच्या वर उष्णता, आणि ती कुठे, तर डॅशबोर्डच्या आत प्लॅस्टिक आणि फोमला चिकटून. १० चा फ्यूज हे पापणी लवायच्या आत तोडतो. गुंडाळलेली तार तोडत नाही, मग वायरच फ्यूज होते, आणि ती वितळण्याआधी तिचं पीव्हीसी पेटतं. १२ व्होल्टचा शॉक लागत नाही हे खरंय, तेवढं मान्य. पण आग व्होल्ट बघून लागत नाही, करंट किती वाहतोय त्यावर लागते, आणि शॉर्ट झाला की गाडीची बॅटरी शेकडो अँपिअर सोडते.

पुढचा मुद्दा, "पिवळी आणि लाल एकत्र पिळा आणि सरळ बॅटरीला द्या." पिवळी कायम चालू सप्लायसाठी, घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवायला. लाल चावीवर, म्हणजे चावी फिरवली की चालू आणि काढली की बंद होणाऱ्या एक्सेसरी सप्लायवर. दोन्ही बॅटरीवर टाकल्या की चावी काढली तरी स्टिरिओला कळत नाही की बंद व्हायचंय. बटण दाबायला विसरलात आणि तो नुसता अर्धा अँपिअर जरी ओढत राहिला तरी दिवसाला १२ अँपिअर-अवर गेले, लहान गाडीची बॅटरीच ३५ ते ४५ ची असते, दोन दिवसांनी सेल्फ मारला की नुसता टकटक आवाज. यातली अर्धी गोष्ट खरी आहे ती पण सांगतो: वेगळा मोठा ॲम्प्लिफायर लावणार असाल तर त्याची जाड वायर सरळ बॅटरीवरूनच घ्यावी लागते. पण फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत, आणि वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रॉमेट, म्हणजे पत्र्याच्या धारेने वायर कापू नये म्हणून बसवायची रिंग. मेसेजमध्ये या दोन्हींचा उल्लेख सुद्धा नाही.

"वायरींचे रंग सगळीकडे सारखेच असतात." नाही. बाजारात मिळणाऱ्या स्टिरिओच्या बाजूला बहुतेक सारखे असतात, गाडीच्या बाजूला नसतात. स्टिरिओ जोडायचा जो ठरलेल्या मापाचा कपलर असतो, आयएसओ १०४८७ चा, त्यात ४ नंबरची पिन कायम सप्लाय, ७ नंबर चावीचा, ८ नंबर अर्थिंग, म्हणजे बॉडीची मायनस, तरी काही गाड्यांत ४ आणि ७ उलटे येतात. आणि पिवळं म्हणजे बॅटरी समजून कुठेही टेस्ट लॅम्प (सप्लाय आहे का बघायचा छोटा दिवा) टेकवणाऱ्यांनी हे वाचाच: पुष्कळ गाड्यांत एअरबॅगचे कपलर आणि वायरींवरची नळी पिवळीच असते, आणि लॅम्पमधून जाणारा करंट एअरबॅग फोडू शकतो. मल्टिमीटर घ्या, आणि एअरबॅगच्या वायरीला तर तो पण लावू नका.

बाकीचं पटकन. काळी, म्हणजे अर्थिंगची वायर मेसेज म्हणतो तशी "कुठल्याही स्क्रूला" नाही, रंग खरवडून उघड्या पत्र्याला, नाहीतर इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी स्पीकरमधून ऐकत बसा. स्पीकरच्या मायनस एकत्र करून बॉडीला द्यायच्या नाहीत, आजच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर व्होल्टेज असतं, आतली चिप जाते. पिळून टेप मारणं तात्पुरतं चालतं, पण उन्हात गाडी तापली की टेपचा गोंद सुटतो, क्रिम्प करा (पक्कडीने दाबायचा धातूचा जोड) नाहीतर सोल्डर करून हीट श्रिंक, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी, चढवा. आणि बॅटरी काढताना प्लस आधी नाही, मायनस आधी, कारण मायनस जोडलेली असताना प्लसवरचा पाना बॉडीला लागला की तिथेच शॉर्ट.

भावाचा फ्यूज का उडत होता ते सापडलं. स्टिरिओ ज्या पत्र्याच्या चौकटीत सरकवतात तिची वाकवलेली एक पट्टी पिवळ्या वायरवर बसून तिचं कव्हर कापलं होतं, आत तांबं चमकत होतं. तेवढा तुकडा काढून नवीन जोडला, वायर बाजूने वळवून घेतली, १० चाच फ्यूज टाकला. आज दिवसभर वाजतोय.