गाडीनं लावले दिवे

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझ्या सासुरवाडीच्या बोळात शिरायचं तर उजवीकडं काटकोनात वळावं लागतं. स्टेअरिंग पार शेवटपर्यंत फिरवल्याशिवाय गाडी आत जात नाही. गेला महिनाभर नेमक्या त्या वळणावर माझ्या इलेक्ट्रिक गाडीच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागत होता. गोलात तीन अक्षरं, एबीएस. त्याच्या मागोमाग घसरणाऱ्या गाडीचं चित्र, मग चढावर गाडी धरून ठेवणाऱ्या यंत्रणेचा तिसरा दिवा. दिवाळीच.

"बरा माझ्या माहेरीच लागतो," बायको म्हणाली.

"मी कुठं लावलाय? गाडीनं लावलाय."

"तुमच्या मनात यायचं नसलं की गाडीला कळतं."

बरं, गाडी बंद करून परत चालू केली आणि चार पावलं पुढं नेली की दिवा गायब. रात्रभर पोट धरून रडलेलं पोरगं दवाखान्याच्या पायरीवर खुदकन हसतं, तशातली गत. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी पहिल्या खेपेला "दिवा नाही म्हणजे बिघाड नाही" म्हणून गाडी धुऊन परत दिली. दुसऱ्या खेपेला मी मोबाईलवर फोटो काढून नेला, तर थेट "एबीएसचं अख्खं मॉड्यूल बदला, ४२,००० होतील." चाक उचलून बघितलं का, असं विचारायचं धाडस मला झालं नाही. तिथल्या एसीत माणूस आपोआप नम्र होतो.

सासरेबुवांचं मत वेगळंच. "आमच्या वेळच्या गाड्यांना कुठं होतं ओ एबीएस? आम्ही काय मेलो?" मी म्हटलं, "मामा, एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारीला ते सक्तीचं आहे. जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ देत नाही. सेकंदाला कितीतरी वेळा ब्रेक सोडतं नि धरतं." ते म्हणाले, "धरसोड वृत्ती म्हणा की." पुढं काय बोलणार?

दिव्याकडं काणाडोळाही केला असता. पण एका रविवारी पन्हाळ्यावर पार्किंगमधून गाडी काढताना तो लागला आणि तसाच घाट उतरायला घेतला. एरवी उतारावर पाय उचलला की मोटर उलटी जनित्र होऊन गाडीला मागं ओढते आणि बॅटरीत थोडी वीज भरते. फुकट भरलेला तो एखादा टक्का मी घरी येऊन सगळ्यांना दाखवतो. त्या दिवशी पाय उचलला, तर गाडी आपली निघाली सुसाट. चाक किती वेगानं फिरतंय हेच संगणकाला कळेना, तेव्हा चाक घसरलं तर काय, या भीतीनं त्यानं ते मागं ओढणंच बंद केलं होतं. साधा ब्रेक शाबूत होता, म्हणून हे लिहितोय. पण खाली येईपर्यंत बायको देवाशी बोलत होती आणि मी ब्रेकच्या पायाशी.

सोमवारी उद्यमनगर गाठलं. शेजारी लेथ घरघरतोय, दारात लोखंडाचा कीस पडलाय, अशा गॅरेजात एक वयस्कर मिस्त्री बसले होते. मी आधीच सांगून टाकलं, "बॅटरीची गाडी आहे."

"असंना. ती केशरी केबल दिसतीय तिला हात लावायचा नाही, जोराचा करंट असतोय. बाकी चाकाला काय ठाऊक, वर पेट्रोल जळतंय का वीज?" मग विचारलं, "दिवा लागतोय कधी?"

"सासुरवाडीला जाताना."

ते हसले नाहीत. "उजवीकडं वळताना का डावीकडं?"

महिनाभरात हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता. मला तर तिथंच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

त्यांच्या पोरानं स्कॅनर जोडला. बिघाडाचा कोड आला सी ००३५, पुढचं डावं चाक, वेगाचा सेन्सर. "पी आला असता तर मोटरकडं बघायचं, सी म्हंजे चॅसी," पोरगं म्हणालं. मग जॅक लावून चाक उचललं, गाडी न्यूट्रलला, स्कॅनर माझ्या हातात. मिस्त्रींनी हातानं चाक फिरवलं, पडद्यावर ४, ५ असे आकडे नाचले. मग मला स्टेअरिंग पूर्ण उजवीकडं फिरवायला लावून चाक परत फिरवलं. शून्य. चाक डोळ्यांदेखत गरगरतंय आणि पडदा म्हणतोय, उभं आहे.

"या इकडं," त्यांनी टॉर्चचा झोत आत मारला. करंगळीहून बारीक काळी वायर. शॉकअपला क्लिपमध्ये बसायची, ती सुटून लोंबत होती. वळलं की ताणायची, टायरला घासायची. एका जागी कातडं सोलून आतली तांब्याची तार चमकत होती.

"शॉकअप कधी बदललाय?"

बदलला होता. पावसाळ्यातल्या एका खड्ड्यानंतर, दोन महिन्यांपूर्वी. कुठं, ते सांगत नाही. पण ज्यांनी बदलला त्यांच्याकडून ती क्लिप परत लावायची राहून गेली, एवढं खरं.

वायर जोडून चालेल का, असं मी माझ्या हिशेबी स्वभावाला धरून विचारलं. "रोज वळणारी वायर, जोड टिकायचा नाही." नवा सेन्सर मागवला, याच गाडीच्या पेट्रोलवाल्या बहिणीचा, तंतोतंत तोच. १,८०० त्याचे, ३०० मजुरी. क्लिपचे किती म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पाकीट गपकन खिशात घातलं.

पुढच्या रविवारी त्या वळणावर बायको रस्त्याकडं बघतच नव्हती, नजर डॅशबोर्डवर. स्टेअरिंग शेवटपर्यंत फिरवलं. काही नाही. अंधार. इतका सुंदर अंधार मी गाडीत पहिल्यांदाच पाहिला.

सासरेबुवा दारातच उभे होते. "काय जावईबापू, लागला का दिवा?"

"नाही मामा, बंद केला कायमचा."

"ब्येस. मग जेवायच्या आधी आमच्या स्कूटरचा इंडिकेटर तेवढा बघा. चार वर्षं झाली, लागंनाच."