सरासरीच्या मंद आचेवर

शहरी गॅसवितरण कंपनीच्या दरांचे आणि नफ्याचे विश्लेषण आपल्याकडे सोपवले गेले असेल, तर घरगुती, सीएनजी, व्यावसायिक आणि औद्योगिक अशा चारही ग्राहकगटांचा नफा प्रथम एकाच पातेल्यात ओतावा आणि एकूण विक्रीने भागून प्रति घनमीटर एकच आकडा काढावा. कोणाच्या खिशातून किती आले हे त्यावरून कोणालाही कळत नाही, हा या पद्धतीचा मोठाच गुण होय.

एककांना हात लावू नये. सीएनजी किलोवर विकला जातो आणि स्वयंपाकघरातला पाइपगॅस घनमीटरवर. एका किलोत सुमारे 1.4 घनमीटर गॅस भरतो, हे ठाऊक असलेला वाचक लगेच भागाकार करू लागतो.

खरेदीची बाजू अधिक नाजूक आहे. सरकारी सूत्राने दर ठरणारा स्वस्त देशी गॅस प्राधान्याने घरगुती वापराला आणि सीएनजीला मिळतो, तर हॉटेले आणि कारखाने यांच्यासाठी बहुधा बाजारभावाचा आयात गॅस घ्यावा लागतो. हा सगळा खर्च चारही गटांत सारखा वाटून टाकावा, म्हणजे नफा कारखान्यातून आल्यासारखा भासतो आणि रिक्षाचालक कंपनीचा आश्रित ठरतो.

विक्रीदर मात्र खर्चावरून नव्हे, तर ग्राहक दुसरे काय जाळू शकतो यावरून समजून घ्यावा. मोरबीचा सिरॅमिक कारखानदार प्रोपेन स्वस्त होताच भट्टी तिकडे वळवतो, म्हणून त्याच्याशी अदबीने बोलावे लागते. किट बसवून घेतलेल्या रिक्षाचालकाला पेट्रोलकडे परतणे परवडत नाही, आणि या नाइलाजाला अहवालात ‘ग्राहकनिष्ठा’ म्हणतात. किरकोळ विक्रीची कमाल किंमत ठरवण्याचा अधिकार पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्येच स्पष्ट केले असल्याने त्या बाजूने काळजी नसावी.

कालखंड निवडताना एप्रिल 2022 शक्यतो टाळावा. 1 तारखेला महाराष्ट्राने नैसर्गिक वायूवरील व्हॅट 13.5 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आणला आणि मुंबईत सीएनजी किलोमागे 6 रुपयांनी उतरला. त्याच दिवशी देशी गॅसचा सरकारी दर दशलक्ष ब्रिटिश औष्णिक एककांमागे (गॅस त्याच्या उष्णतेवरून मोजण्याचे हे माप) 2.90 डॉलरवरून 6.10 डॉलरवर गेला, आणि आठवडा उलटण्यापूर्वी सीएनजी 7 रुपयांनी चढला. तो महिना टाळता येत नसेल, तर तिमाहीची सरासरी घ्यावी, म्हणजे करकपात चार-पाच दिवसांत कोठे विरली हा प्रश्न उद्भवत नाही. फक्त तारीखवार दरांचा तक्ता चुकून परिशिष्टात राहिलेला नाही ना, एवढे छपाईपूर्वी पाहून घ्यावे.