पेटीबरोबर पोटही भरतं

आंब्याच्या मोसमात बागायतदार वाळतो, अशी एक अफवा आहे. उन्हात आंबे उतरवायचा झेला घेऊन हिंडणं, क्रेट उचलणं, पेट्या रचणं एवढं करून माणूस बारीक व्हायला हवा. पण मे संपता संपता माझ्या लेंग्याची नाडी आखूड पडते आणि गडग्यापलीकडून शेजारी ओरडतो, "बरो जाडो झालंस मरे!" मी आमरसाकडे बोट दाखवतो. आमरस बिचारा काही बोलत नाही.

खरी गडबड रात्रीची आहे. वाशीच्या बाजाराची गाडी भरून जाईपर्यंत मध्यरात्र होते आणि पहाटे पुन्हा तोडणी. झोप उरते चार-पाच तास. शिकागो विद्यापीठात 2004 साली 12 निरोगी तरुणांना दोन रात्री चार-चार तासच अंथरुणावर ठेवलं. दहा तासांच्या रात्रींशी तुलना केली, तर चरबीकडून मेंदूला 'पुरे' सांगणारं लेप्टिन 18 टक्के कमी आणि पोटाकडून 'वाढ' म्हणणारं घ्रेलिन 28 टक्के जास्त. ओढ कशाची? गोड, खारट, पिठूळ. मालवणी खाजा एकटाच यातल्या दोन अटी पुऱ्या करतो, तिसरीला फरसाण आहे. रात्री एक वाजता काकडीची आठवण झालेला माणूस मला अजून भेटायचाय.

त्यात पट्टीची, म्हणजे दलालाकडून येणाऱ्या हिशेबाची काळजी. पेटीला दर काय लागला, दलाल काय कापणार, मळभ आलंय ते पाऊस पाडणार की नुसतं छळणार. अचानक भीती वाटली तर भूक मरते. तीच धास्ती महिनाभर चालली की ताणाचं संप्रेरक कॉर्टिसॉल चढं राहतं, खा-खा सुटते आणि चरबी पोटात, आतड्यांभोवती साठायला लागते. पाय काटकुळे, पोट पुढे, ही आमची मोसमी आकृती तिथून येते.

अशात डाएट सुरू करणाऱ्यांना माझा नमस्कार. 2010 च्या एका प्रयोगात तोच मोजका आहार दोन्ही वेळा 14-14 दिवस दिला, एकदा साडेआठ तास झोपेची मुभा, एकदा साडेपाच. वजन दोन्हीकडे जवळपास सारखंच उतरलं, पण कमी झोपेत चरबी निम्म्याहूनही कमी गेली. बाकीचं मुख्यतः स्नायूंच्या खात्यातून वळतं झालं. काटा खूश, माणूस लुळा.

काट्यावरही फार विसंबू नये. तो लादीवर ठेवावा, सारवलेल्या खळ्यात नाही. परसाकडे जाऊन आल्यावर, चहाआधी उभं राहावं. आदल्या रात्री सुकट आणि लोणचं झालं असेल तर आकडा विसरावा. शरीरातल्या लिटरभर पाण्यामागे साधारण 9 ग्रॅम मीठ असतं, म्हणजे तेवढं जादा मीठ किलोभर पाणी धरून बसू शकतं. सात दिवसांची सरासरी घ्यावी.

उपाय कंटाळवाणे आहेत, पण चालतात. कॅफिन निम्मं उतरायला पाचेक तास लागतात. पेट्या भरताना नऊला घेतलेला चहा दोनला अर्धा जागाच असतो. शेवटचा कप चारच्या आत. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग निवत नाही आणि अंग निवल्याशिवाय झोप लागत नाही, म्हणून झोपायच्या तासभर आधी कोमट पाण्याने आंघोळ. मच्छरदाणी वारा अडवते, तेव्हा पंखा जवळ घ्यावा. वीज गेली तर पडवी आहेच. दुपारी वीस-तीस मिनिटं पडावं. चारपर्यंत ताणली की रात्रीची झोप गेलीच. 2022 च्या एका अभ्यासात साडेसहा तासांहून कमी झोपणाऱ्यांची झोप सव्वा तासाने वाढवली. खाण्याबद्दल चकार शब्द न काढता ते दिवसाला सुमारे 270 कॅलरी कमी खाऊ लागले.

एवढं करूनही सकाळी डोकं जड, दिवसभर पेंग, रात्री घोरताना मध्येच श्वास अडकत असेल, तर थेट डॉक्टरकडे जाऊन झोपेची तपासणी करावी. वजनाने हा त्रास वाढतो आणि मोडलेल्या झोपेने वजन. घरचे "दमलाय म्हणून घोरतो" म्हणतील. निदान करायची त्यांना भारी हौस, आणि फी नाही म्हणून आपल्यालाही ते पटतं.